डाव्या पायाचं भविष्य

गाडी किती वर्षं टिकते, असं कुणी विचारलं की आमचे सर गाडीकडे बघायचेच नाहीत. विचारणाऱ्याच्या पायांकडे बघायचे. आणि बघून झालं की चेहरा असा करायचे, की समोरच्याला वाटावं आपला रिपोर्ट काही चांगला आलेला नाही.

"गाडी वयानं मरत नाही," ते म्हणायचे, "डाव्या पायानं मरते."

सर म्हणजे शाळा-कॉलेजातले नव्हेत. नव्या पेठेत त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल तरी काय, एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि बाहेर उभी असलेली एक जुनी चौकोनी गाडी, जिचा गिअर स्टिअरिंगलाच होता. पुण्यातलं दुकान असूनही सूचनांची एकही पाटी नव्हती. गरजच नव्हती. पाटीवर लिहितात ते सगळं सर तोंडानंच सांगायचे.

त्याआधी ते पिंपरीकडे एका कारखान्यात नव्या गाड्यांची चाचणी घ्यायचे. गाडी घ्यायची आणि खड्ड्यांतून, घाटातून, चिखलातून ती मोडेपर्यंत हाकायची, हे काम. "लोकांना गाडी चालवायचा पगार मिळतो, मला मारायचा मिळत होता," असं मोठ्या ऐटीत सांगायचे. तिथूनच त्यांचं ते शास्त्र तयार झालं. एकच गाडी, एकच रस्ता, पण एकाच्या हाती ती लवकर मोडते आणि दुसऱ्याच्या हाती मोडता मोडत नाही. का? तर डावा पाय. क्लचवर नुसता ठेवलेला, काही काम नसताना विसावलेला, आळशी डावा पाय. माणसाचा स्वभाव, त्याचं घराणं, त्याचं प्रपंचातलं लक्ष, सगळं सरांना त्या एका पायात दिसायचं.

मी अकोल्याची. कॉम्प्युटरचं शिकून पुण्यात नोकरीला आले तेव्हा हिंजवडीला काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या. ऑफिसात जो तो दोन गोष्टींच्या मागे, अमेरिकेचा व्हिसा आणि चारचाकी. व्हिसा काही माझ्या हातात नव्हता. म्हणून गाडी शिकायला गेले.

"गाव?" सरांनी विचारलं.

"अकोला."

"म्हणजे नागपूर."

"अहो सर, नागपूर कुठं, अकोला कुठं! मध्ये अख्खं अमरावती पडतं."

"इथून सगळं सारखंच दिसतं. बसा."

मी बसले. त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं, मोठा उसासा सोडला आणि म्हणाले, "चला. काय असेल ते असेल."

सरांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक होता, असतो तसा. पण इतर शिकवणारे अडचण आली की पाय मारतात. सर सतत मारायचे. आपण ब्रेक दाबायच्या आधी त्यांचा दाबून झालेला असायचा. पहिले आठ-दहा दिवस मला वाटत होतं, काय भारी चालवतेय मी बापा! मग एकदा सर शिंकले, आणि गाडी गचका खाऊन थेट शहाळ्याच्या हातगाडीपाशी जाऊन उभी राहिली. तेव्हा कळलं की आतापर्यंत कोण चालवत होतं.

या सवयीनं त्यांचा पुढे सगळीकडेच घात केला. पीएमटीच्या बसमध्ये बसले तरी दोन्ही पाय चालू. रिक्षात तर पुढच्या पत्र्यावर असा ब्रेक मारायचे की रिक्षावाला मागे वळून विचारायचा, "काका, उतरायचंय का?" एकदा नाटकाला गेले, तर पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मध्यंतरात उठून हात जोडले, "साहेब, तुम्ही माझ्या जागेवर बसता का? मी मागे बसतो." काकू, म्हणजे सरांची बायको, मोठ्या हौशी आणि हसऱ्या. त्या म्हणायच्या, "अगं, आमच्या सप्तपदीतसुद्धा यांनी तिसऱ्या पावलाला क्लच दाबला होता. भटजींना वाटलं, नवरदेव लंगडतोय."

आणि एक वाक्य होतं. ते न ऐकता त्या स्कूलमधून कुणी बाहेर पडलं नसेल. मी ते पहिल्यांदा ऐकलं स्वारगेटच्या चौकात. मागे एसटी, डावीकडे बस, उजवीकडून रिक्षा घुसतेय, सिग्नल सुटला आणि आमची गाडी ठप्प.

"सर, गाडी बंद पडली!"

"गाडी बंद पडत नाही." सर समोर बघत शांतपणे म्हणाले. "आपण पाडलीत."

"अहो पण—"

"गाडीला दोष देऊ नये. ती बिचारी लोखंडाची. तिला कुठं अक्कल असते? अक्कल चालवणाऱ्याला असावी, अशी अपेक्षा असते."

मागून हॉर्नांचा नुसता गिल्ला, माझे हात घामानं चिंब, आणि हा माणूस अपेक्षेवर व्याख्यान देतोय! काकूंसाठी म्हणून मी दुसऱ्या दिवशी परत गेले, नाहीतर गेले नसते.

पण नाव होतं हो सरांचं. जुनी गाडी घ्यायची असली की लोक त्यांना सोबत न्यायचे. ऑफिसातल्या माझ्या एका मित्राला सेकंडहँड गाडी घ्यायची होती, त्याला मीच सरांकडे आणलं. विकणारे होते मार्केट यार्डातले एक कांद्याचे आडते, बिबवेवाडीला राहायचे. फोनवर म्हणाले, "या की. घरी सत्यनारायण हाय, प्रसादबी घ्या, गाडीबी बघा."

आम्ही तिघं गेलो. खाली गाडी उभी होती, गर्द निळी, तीन वर्षांची, पुसून-बिसून चकचकीत. सरांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तडक जिना चढून वर गेले आणि दारापुढच्या चपलांच्या ढिगाशी उकिडवे बसले. आतून आरतीचा आवाज, बाहेर हा माणूस एकेक चप्पल उलटी करून बघतोय! यजमानीणबाई दारात आल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही दिसतं. सत्यनारायणाच्या दिवशी दारात चप्पलचोर, तोही टाय घातलेल्या साथीदारासकट!

"मालकांची चप्पल कुठली?" सरांनी विचारलं.

बाईंनी घाबरून कुठेतरी बोट दाखवलं. सरांनी ती उचलली. डाव्या तळव्याचा पुढचा भाग पार झिजून पातळ झालेला.

"चला," सर उठले.

"अवो साहेब, गाडी तर बघा!" आडते हातात प्रसादाचा द्रोण घेऊन मागे धावत आले. "गाडी एक नंबर हाय."

"बघितली," सर म्हणाले. शिरा मात्र खाल्ला, आणि छान झालाय असं सांगितलंही.

मित्राने गाडी सोडून दिली. पण माझ्या मनात ती निळी जाऊन बसली होती. आठवडाभर विचार केला आणि सरांना न सांगता मीच जाऊन घेतली. कागदांवर सह्या झाल्यावर आडते म्हणाले, "ताई, त्या दिशी तुमच्या साहेबांनी कुणाचं पायताण बघितलं ठावं हाय का? माझ्या साडूचं! आमची मंडळी गडबडली अन् भलतंच दावलं. साडूला सायकलबी येत नाय. टेलर हाय त्यो. मशिनवर पाय मारून झिजलंय."

माझ्या आनंदाला काय पारावार! पेढे घेतले आणि गाडी घेऊन थेट नव्या पेठेत. सरांनी पेढा घेतला, गाडीकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं.

"त्या माणसाचा डावा पाय, वर तुमचा डावा पाय," ते म्हणाले. "सहा वर्षं. फार तर."

मग मी साडूची हकीकत सांगितली. अगदी रंगवून, मशीनच्या आवाजासकट. काकू पोट धरून हसायला लागल्या. सर पेढा खात राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, चुकलं बरं का माझं. सरांनी बोटं पुसली.

"ठीक आहे. म्हणजे आधीच्या मालकाचा पाय चांगला होता," ते म्हणाले. "मग सहा वर्षं तुमच्या एकटीच्या पायानं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक यांची, आणि खापर माझ्या पायावर! त्याच दिवशी ठरवलं. ही गाडी मी अशी चालवीन, अशी चालवीन, की या माणसाच्या तोंडून एकदा तरी 'चुकलं' निघालं पाहिजे. नाही निघालं तर अकोल्याचं नाव सांगणार नाही.

आणि चालवली हो. सिग्नलला उभी राहिले की गाडी न्यूट्रलला आणि डावा पाय बाजूला, पाटावर बसल्यासारखा. ऑफिसातली पोरं दर तीन वर्षांनी गाडी बदलत होती. नवं मॉडेल आलं की जुनी नकोशी, मग ती कितीही धडधाकट असो. पूर्वी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे आणि आली की मुलाच्या मुंजीपासून नातवाच्या मुंजीपर्यंत वापरायचे. आता शोरूममध्ये सकाळी जायचं आणि संध्याकाळी चावी. सरांना याचा फार राग. म्हणायचे, "पूर्वी गाडी मेली की टाकायचे. आता यांना कंटाळा आला की टाकतात. बायको बरी टिकते एकेकाची!"

दर दसऱ्याला मी गाडीला झेंडूचा हार घालून सोनं द्यायला सरांकडे जायचे. सोनं निमित्ताला, खरी दाखवायची असायची गाडी. सर खिडकीतून डोकावायचे आणि एखाद्या आजारी नातलगाची चौकशी करावी तसं विचारायचे, "आहे का अजून?"

"आहे सर. सातवं लागलं!"

"शेवटचा श्वास लांबतो कधीकधी," सर म्हणायचे आणि आपट्याची पानं घ्यायचे.

आठवं लागलं, दहावं लागलं. दरम्यान माझं लग्न झालं, वारज्यात घर झालं, मुलगी झाली. सरांचं काही बदललं नाही. आता तुम्हाला वाटेल, एवढा गाड्यांच्या आयुष्याचा विचार करणारा माणूस, त्याचा गाड्यांवर भारी जीव असणार. अजिबात नाही! त्यांची ती चौकोनी गाडी गेली तो दिवस मी पाहिला आहे. खालचा पत्रा इतका सडला होता की शिकणाऱ्याला पायाशी रस्ता पळताना दिसायचा. एके सकाळी सर म्हणाले, "संपली," आणि भंगारवाल्याला फोन केला. बातमी फुटली तसे जुने विद्यार्थी गोळा झाले. कुणी हार आणला, कुणी नारळ. एक रिटायर्ड बँक मॅनेजर बॉनेटवर हात ठेवून चक्क रडायला लागले.

"रडताय काय?" सर त्यांच्यावर खेकसले. "निम्मा क्लच तुम्हीच खाल्लात तिचा!"

नारळ मात्र त्यांनी ठेवून घेतला, चटणीला. दुसऱ्या दिवशी दारात नवी छोटी गाडी हजर. "मरायच्या आधी टाकू नये आणि मेल्यावर ठेवू नये," एवढाच त्यांचा धर्म. म्हणून तर मला धास्ती होती, जेव्हा माझ्या निळीला पंधरा वर्षं पूर्ण व्हायची वेळ आली.

पंधरा वर्षं झाली की आरटीओत नेऊन गाडी पुन्हा तपासून घ्यावी लागते. झाली पास तर पुढची पाच वर्षं. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, कशाला ते झेंगट? एक्सचेंजमध्ये देऊन टाकू. तो पक्का पुणेकर, त्यामुळे भांडतसुद्धा नाही, नुसता मुद्दे मांडतो. मी भांडले. इतकी भांडले की शेवटी तो म्हणाला, "बरं, तुझ्या सरांना विचारू. ते सांगतील ते फायनल."

आता आली का पंचाईत! सर कुणाचं मन राखायला बोलणारे नव्हेत. 'संपली' म्हणाले की संपली. गाडीही जाणार आणि वर, 'तुमच्याच पायानं' हेही ऐकावं लागणार.

सर तोवर बरेच थकले होते. स्कूल बंद झालं होतं, डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, स्वतः गाडी चालवणं सुटलं होतं. रविवारी सकाळी रिक्षाने आले. रिक्षावाला मला म्हणाला, "ताई, काका पूर्ण रस्ता ब्रेक मारत होते." वर आले, दारात थांबले आणि खाली बघितलं. मी आदल्या दिवशी मुद्दाम कोऱ्या चपला आणून दारात ठेवल्या होत्या.

"या नव्या," सर म्हणाले. "जुन्या कुठं लपवल्यात?"

आणल्या बापा जुन्या, काय करते! सरांनी त्या खिडकीशी नेऊन, डोळ्यांजवळ धरून उलटसुलट केल्या. "हं," एवढंच म्हणाले. हं म्हणजे काय, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

नवरा सोफ्यावरून उत्साहानं सांगायला लागला, "सर, आम्ही घेतोय ना, त्या गाडीला क्लचच नाहीये. फुल्ली ऑटोमॅटिक."

सरांच्या हातातली चप्पल तशीच राहिली. "क्लच नाही?" ते हळूच म्हणाले. "मग माणूस ओळखायचा कसा?"

आम्ही निघालो. मी चालवायला, सर शेजारी, नवरा आणि मुलगी मागे. खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचं ठरलं. सरांचे पाय पहिल्या वळणापासून सुरू. इकडे मी गिअर बदलला की तिकडे त्यांचा डावा पाय खाली. समोर कुत्रं दिसलं की उजवा पाय मॅटवर धाप्प! पत्रा वाजत होता. माझी मुलगी मागून कुजबुजली, "आई, आजोबा पण चालवतायत का?"

धरणाच्या काठी गाडी लावली. सर भजी खात गाडीभोवती हिंडले. वाकून खालचा पत्रा चाचपला, बॉनेट उघडायला लावलं, इंजिन चालू ठेवून कान लावून उभे राहिले. नवऱ्यानं विचारलं, "काय सर, संपली का?"

"कोण म्हणतं?" सर म्हणाले. "दोन ठिकाणी पत्रा लावून घ्या आणि पासिंगला न्या. होईल. तुम्हाला नवी घ्यायची तर घ्या की, कोण नको म्हणतंय. पण ही कुठं मेलीय? जिवंत माणसाला कुणी पोचवतं का?"

मला इतका आनंद झाला की मी तिथेच मुलीला उचलून गिरकी घेतली. पण माझं खरं येणं अजून बाकी होतं. मी सरांसमोर जाऊन उभी राहिले.

"सर, तुम्ही सहा वर्षं म्हणाला होतात."

"मी?"

"तुम्ही! पेढा खाऊन!"

सरांनी भज्याचा कागद नीट चौकोनी घडी घालून खिशात ठेवला. "सांगितलेलं ऐकायचं नाही, ही तुमची पहिल्यापासूनची खोड आहे," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

घ्या! पंधरा वर्षांची होईपर्यंत जपली ती गाडी मी, आणि पदरात काय, तर खोड! मी धाडकन दार लावलं आणि सरांना स्वारगेटपलीकडे सोडायला परत निघाले. तोंड फुगवून. सिंहगड रोडला रविवारची ही गर्दी. गाडी चार हात पुढे जायची, थांबायची, पुन्हा चार हात. क्लचचा अगदी जीव काढणारा रस्ता. मी रागात होते, पण पाय आपलं काम करत होता. थांबलं की न्यूट्रल, पाय बाजूला. सुटलं की अलगद पुढे.

दांडेकर पूल मागे पडला आणि एकदम जाणवलं की काहीतरी वाजायचं थांबलंय. मला वाटलं गाडीचंच काही. मग लक्षात आलं, मॅटवरचा आवाज नाही. सरांचे पाय गप्प होते. मी तिकडे बघितलं नाही. म्हातारा माणूस, दमले असतील.

स्वारगेटच्या चौकात लाल सिग्नल लागला. मागे एसटी, डावीकडे बस, उजवीकडून रिक्षा घुसतेय, सगळं जिथल्या तिथे. शेजारी काही हललं म्हणून मी मान वळवली. सरांनी वाकून चपला काढल्या. एकीशेजारी एक नीट लावून ठेवल्या. मग एक पाय वर घेतला, मग दुसरा, आणि सीटवर छान मांडी घालून बसले. घरच्या झोपाळ्यावर बसावं तसे. डोळे मिटलेले.

सप्तपदीत क्लच दाबणारा माणूस तो! बसमध्ये, नाटकात, रिक्षात ज्याचे पाय कधी थांबले नाहीत, तो माझ्या शेजारी पाय वर घेऊन बसला होता. माझे डोळे भरून आले, सिग्नल सुटला, समोरचा हिरवा दिवा पसरट दिसायला लागला, आणि गिअर टाकून मी डावा पाय सोडला तो एकदम, अगदी याच चौकात पहिल्यांदा सोडला होता तसा. गाडीनं गचका खाल्ला आणि चौकाच्या तोंडाशी ठप्प.

मागून हॉर्नांचा गिल्ला. नवरा म्हणाला, "अगं!" मी मान खाली घालून त्या वाक्याची वाट बघत बसले. आता येणार. आपण पाडलीत.

सरांनी डोळे उघडले नाहीत. मांडीही मोडली नाही.

"असू द्या," ते म्हणाले. "पडते बंद कधीकधी. जुनी गाडी आहे."